डावं चाक घासतं, त्याबद्दल

आदरणीय विनिफ्रेडबाई यांना,

थॉर्बीहून क्लिफर्डचा कमरेत वाकून नमस्कार. (वाकलो आहे तो खरोखरच वाकलो आहे. सगळा हिवाळा गाडीखाली उताणा पडून काढल्यावर आता सरळ उभं राहायचं म्हटलं की कंबर ऐकत नाही. तेव्हा हा नमस्कार मनापासूनचाही आहे आणि नाइलाजाचाही.) तुमचा गुडघा कसा आहे? तो चढ चढून अजूनही स्वतःच मासे आणायला जाता का? आणि तुमचा बोका ॲडमिरल कसा आहे? मागच्या वेळी त्याने माझ्या टोपीत झोप काढली होती, तेव्हापासून आमचं फारसं पटत नाही, पण मुक्या जनावरावर राग धरू नये म्हणून विचारतो. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

फोन तुम्ही उचलत नाही. म्हणजे उचलता, माझा आवाज ऐकता आणि ठेवून देता. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. ईस्टरच्या शनिवारी तुम्ही व्हिटबीच्या धक्क्यावर काळा कोट घालून, पाद्रीबुवांना थांबवून, होडीवाल्याला थांबवून उभ्या होतात, आणि बेरिलच्या अस्थी घेऊन मी आलोच नाही, ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. आमच्या फिलिपाने तुम्हाला गाडी बिघडली एवढंच कळवलं. त्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, की या माणसाने माझ्या बहिणीला जिवंतपणीही कधी वेळेवर कुठे पोचवलं नाही. बरोबर आहे तुमचं. फक्त एकच दुरुस्ती करतो. गाडी बिघडली नव्हती. ही गाडी इतकी चांगली तिच्या जन्मात कधी चालली नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

ती दोन सीटांची गाडी तुम्हाला कधीच आवडली नाही हे मला ठाऊक आहे. (आमच्या लग्नात तुम्ही तिला लाल डबडं म्हणालात. मी ऐकलं होतं. बेरिलनेही ऐकलं होतं, आणि ती इतकी हसली होती की तिची टोपी पडली.) बेरिलला मात्र गाडी आवडायची. पाऊस असो, गारा असोत, छत खाली करून, डोक्याला रुमाल बांधून ती माझ्या डावीकडे बसायची आणि नाक लाल होईपर्यंत उतरायची नाही. तक्रार तिची एकच. चॅपलजवळच्या वळणावर रस्ता ओला असला की गाडीचा मागचा भाग बाहेर सटकायचा. गाडी जुनी, टायर अरुंद, दुसरं काय होणार? मग बेरिल दाराची कडी घट्ट धरायची आणि अगदी शांतपणे म्हणायची की मागची मंडळी निघाली वाटतं. दर वेळी मी सांगायचो, यंदाच्या हिवाळ्यात रुंद टायर बसवतो, मग मागची मंडळी जागची हलायची नाहीत. आणि दर हिवाळ्यात काही ना काही निघायचं. एकदा छप्पर गळलं, एकदा फिलिपाचं लग्न निघालं, एकदा ते मोडलं. मग हा नोव्हेंबर आला आणि बेरिल गेली. घरात नुसतं बसवेना, म्हणून मी गाडी उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि मागची चाकं काढली.

(दफनाच्या... नव्हे, दहनाच्या दिवशी माझ्या नखांत काळं तेल होतं, आणि मी हातमोजे घालताना तुम्ही ते पाहिलंत. हात मी तीनदा धुतले होते. ते निघत नाही हो.)

आता तुम्ही म्हणाल, रुंद टायर आणावेत, लावावेत आणि मोकळं व्हावं. मलाही तसंच वाटलं होतं. पण या गाडीच्या मागच्या आसाला घोडागाडीसारखे पोलादी पाटे आहेत, एक इकडे, एक तिकडे. टायर रुंद केला की तो आतून पाट्याला घासतो. बाहेर सरकवावा तर मडगार्डच्या कडेला घासतो. मडगार्डला हात लावायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. (कारण आहे, पण ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.) राहता राहिले पाटे. म्हणजे दोन्ही पाट्यांच्या बैठका सांगाड्यावरून कापायच्या, आतल्या बाजूला नव्या वेल्ड करायच्या, शॉकअब्सॉर्बर तिरके करायचे, आणि एवढं सगळं करून आस पुन्हा सरळ बसला पाहिजे, नाहीतर गाडी खेकड्यासारखी चालते. वेल्डिंगला शेजारचा डेस्मंड आला. डेस्मंडला तुम्ही ओळखता, चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने आणि सगळ्यांत बेसूर गातो तो. आयुष्यभर त्याने खोकल्याची औषधं विकली, आणि निवृत्त झाल्यावर मासिकं वाचून वेल्डिंग शिकला. पहिल्याच दिवशी त्याने सीटमागचा गालिचा पेटवला. हाताशी पाणी नव्हतं, म्हणून मी बेरिलच्या फुलझाडाची झारी ओतली. त्यानंतर ते फुलझाडही मान टाकून बसलं, आणि त्याचा ठपका डेस्मंडने माझ्यावर ठेवला.

पण काम चांगलं झालं, हे कबूल करायला हवं. मग मापं घ्यायची वेळ आली. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात अशी रीत आहे की टायर आणि मडगार्डमधली फट मोजताना गाडीत माणसांइतकं वजन ठेवायचं, कारण माणसं बसली की गाडी खाली दबते. कोणी वाळूची पोती ठेवतं, कोणी बटाट्यांची. आमच्याकडे ही रीत कधी चालली नाही. पहिल्याच वेळी बेरिलने बजावलं होतं की ज्या सीटवर मी बसते तिथे बटाटे बसणार नाहीत. मग मापं घेताना ती स्वतःच यायची, गमबूट घालून, चहाचा थर्मास आणि शब्दकोडं घेऊन, आणि दुपारभर त्या सीटवर बसून राहायची. मी खालून ओरडायचो की हलू नकोस, हसू नकोस, माप बदलतं. ती वरून विचारायची, हट्टी प्राण्याला काय म्हणतात सांग, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणायची, तुझं नाव इथे बसत नाही, नाहीतर तेच लिहिलं असतं. अशी आमची मापं व्हायची. त्यामुळे ती कधी चुकली नाहीत.

या वेळी माझ्या सीटवर मी बसलो, डेस्मंड टॉर्च घेऊन खाली गेला, दोन्ही बाजूंना दोन बोटं आरामात जातात असं म्हणाला, आणि आम्ही दोघांनी समाधानाने चहा प्यायला. डावी सीट रिकामी आहे हे आमच्या डोक्यातच आलं नाही. विनिफ्रेडबाई, चाळीस वर्षं मी सरकारी मोजणीदार होतो. लोकांची शेतं मोजली, कुंपणं मोजली, दोन भावांमधली वीतभर जागा मोजून दिली. आणि स्वतःच्या गाडीतली अख्खी सीट मोजायची विसरलो. खरं म्हणजे विसरलो असंही नाही. ती सीट आता रिकामीच असते. मी जे होतं ते मोजलं.

मग एकदा ओल्या रस्त्यावर गाडी बाहेर काढली, एकटाच. चॅपलच्या वळणावर मुद्दाम जोरात घेतली. मागची मंडळी जागची हलली नाहीत. गाडी रस्त्याला चिकटून वळली, इतकी सरळ, इतकी शहाण्यासारखी, की मी आनंदाने मोठ्यांदा म्हणालो, "बघितलंस?" आणि डावीकडे वळून पाहिलं. पुढे मेंढ्यांच्या फाटकापाशी मला गाडी थांबवावी लागली. मी रडलो. तुम्हाला असलं बोलणं आवडत नाही, पण तसंच झालं. तिने एवढी वर्षं मागितलेली एकच गोष्ट मी करून ठेवली, आणि ती चालते की नाही हे सांगायला ती नव्हती. मेंढ्या बघत होत्या, त्यांचं मला काही वाटलं नाही.

आता ईस्टरचं सांगतो. फिलिपा आदल्या दिवशीच लीड्सहून आली होती. सकाळी सँडविच झाले, थर्मास भरला, बेरिलच्या इच्छेप्रमाणे छत खाली केलं, आणि फिलिपा आईचा कलश मांडीवर घेऊन डाव्या सीटवर बसली. (कलश डिकीत ठेवू असं डेस्मंड म्हणाला होता. फिलिपाने त्याच्याकडे असं पाहिलं की तुमची आठवण झाली.) गावाबाहेर तो उंटाच्या पाठीसारखा पूल आहे ना, त्यावरून गाडी खाली उतरली आणि मागून असा आवाज आला की जणू कोणीतरी डुकरावर पाय दिलाय. पाठोपाठ जळक्या रबराचा वास, आणि धूर. मी घाबरून गाडी थांबवली ती नेमकी चर्चसमोर, आणि चर्चमध्ये फुलं लावायला जमलेल्या झाडून सगळ्या बायका बाहेर आल्या. मी खाली वाकून पाहिलं. डावा टायर मडगार्डच्या कडेला चांगला घासला होता. फिलिपाला उतरवलं, फट आली. बसवलं, गेली. पुन्हा उतरवलं, पुन्हा आली. त्या सगळ्या बायकांसमोर ती मला म्हणाली, "डॅड, मी जाड झालेय असं म्हणायचंय का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही गं, तू कुणीही असतीस तरी हेच झालं असतं. आणि ते बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलोय. जिला भीती वाटू नये म्हणून सगळा हिवाळा राबलो, तिच्याच जागेवर आता कोणाला बसता येत नाही. मी एकट्या माणसाची गाडी केली होती.

मग आम्ही परत निघालो. फिलिपा कलश छातीशी धरून रस्त्याच्या कडेने चालत होती, आणि मी तिच्या बाजूने, तिच्या पावलांनी, एकटा गाडीत. वाटेत पोस्टमन सायकलवरून भेटले, त्यांनी टोपी काढली. कुणासाठी ते कळलं नाही. घरी आल्यावर फिलिपाने सँडविच ताटलीत काढले आणि आम्ही ते स्वयंपाकघरात बसून खाल्ले.

ती परत गेल्यावर मी आणखी एक करून पाहिलं. नुसता कलशच डाव्या सीटवर ठेवला, पट्ट्याने बांधला, आणि पुलावरून नेऊन आणला. कुठे घासलं नाही. दोन्ही बाजूंची फट सारखीच राहिली. बेरिल सीटवर बसली होती आणि गाडीला ते कळलंसुद्धा नाही. तसंच सरळ व्हिटबीला यायचं, असं मी स्वतःला म्हटलं, आणि हमरस्त्यापर्यंत गेलोही. तिथून परत फिरलो. वळणावर कलश कलंडतो, त्याला धरायला माणूस हवं, हे कारण मी फिलिपाला सांगितलं आणि तेच तुम्हालाही सांगतो.

एवढंच सांगायचं होतं. तुमच्या काळ्या कोटाची, पाद्रीबुवांची आणि होडीवाल्याचीही मी माफी मागतो. थोरल्या मेव्हणीशी तुटलं तर बेरिलच्या बाजूचं माझं कुणीच उरत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. गुडघ्याला जपा, आणि तो चढ चढताना मध्ये थांबत जा.

तुमचा आज्ञाधारक (तुम्ही मानत असाल तर),
क्लिफर्ड

ता. क. एक विचारायचं राहिलं. रागावू नका. तुमचं वजन किती आहे? तुम्ही दोघी बहिणी एकमेकींचे कोट घालायचात, म्हणजे फार फरक नसणार. डाव्या पाट्यात एक पट्टी वाढवायची आहे, आणि तिला किती भार पेलायचा हे कळल्याशिवाय डेस्मंड वेल्डिंगला हात लावत नाही. मी बटाटे ठेवू शकलो असतो. पण ते ठेववेनात.

ता. क. २. वजन लिहून कळवू नका, कोणत्याही बाईला असं विचारू नये हे पत्र चिकटवताना आठवलं. त्यापेक्षा स्वतःच या. आगगाडीने या, स्टेशनवर मी न्यायला येतो (बसने. गाडीत तूर्त बसता येणार नाही, हे वर आलंच आहे). एक दुपार त्या सीटवर बसावं लागेल. चहा मी देईन. हललात तरी चालेल. मग आपण तिघं मिळून व्हिटबीला जाऊ, तुम्ही तिला मांडीवर घ्या.

ता. क. ३. पाट्यात पट्टी वाढवायची काही गरज नाही. मडगार्डची कड हातोडीने ठोकून आत वळवली की काम होतं, अर्ध्या तासाचं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. डेस्मंड हातोडी घेऊन दोनदा येऊन गेला, आणि दोन्ही वेळा मी त्याला चहा पाजून परत पाठवला. त्या कडेवर एक ओरखडा आहे. बेरिलने गाडी पबच्या फाटकाला घासली होती, आणि मला कळू नये म्हणून त्यावर नखांचा लाल रंग लावला होता. बावीस वर्षं मी तो पाहिला नाही असं दाखवलं. तिथे हातोडी पडली की तो रंग उडेल. तुम्ही या, विनिफ्रेडबाई. तुम्ही आलात की मी डेस्मंडला बोलावतो. तुम्ही समोर उभ्या असलात की मला नाही म्हणता येणार नाही.