माझे पाय आणि मॅडमची अँटिबॉडी

३ जून, सोमवार
आज लॅबमध्ये माझी निवड झाली. एरवी आम्हा खरेदी विभागाला कोण विचारतं! लॅबच्या मॅडमनी दोन वर्षं खपून एक अँटिबॉडी बनवली आहे. जबर व्यायाम झाला की स्नायूंतलं एक एन्झाइम रक्तात उतरतं, ते ही पकडते म्हणे. चाचणीला रोज जिमला जाणाऱ्याचं रक्त हवं. सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. साहजिक आहे, चहाच्या वेळी मी दुसरं बोलतो काय!

जिममध्ये अजून पाऊल टाकलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. कार्ड पाकिटात असतं.

४ जून
उद्या रक्त द्यायचं. आदल्या दिवशी तासभर पायांचा व्यायाम करून या, मॅडम काल म्हणाल्या. सकाळी सहाला उठणार म्हणजे उठणार, असं ठरवलं होतं.

संध्याकाळी : उठलो नाही. आत्ता जिमच्या दारापर्यंत गेलो होतो. आतली मंडळी फारच पिळदार. बाहेर स्कूटरवर बसून तासभर मोबाइल पाहिला. पाय चांगलेच अवघडले, म्हणजे ताण पडलाच की. बायकोने विचारलं, तुला घाम कसा येत नाही रे कधी? म्हटलं, एसी आहे तिथे.

५ जून
रक्त दिलं. मॅडमनी विचारलं, व्यायाम नीट झाला ना? म्हटलं, अहो, पाय उचलवत नाहीयेत.

६ जून
अँटिबॉडीला माझ्या रक्तात एन्झाइम जेमतेम सापडलं. रक्तात ते मुळातच कमी आहे का, हे पडताळायचं मशीन दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे दोष अँटिबॉडीवर. मॅडमनी जेवणाचा डबा उघडला नाही. फार वाईट वाटलं. सांगून टाकणार होतो, पण साहेबांचा पारा चढलेला. त्यांनी एक शेवटची संधी दिली आहे : सोमवारी पुन्हा माझंच रक्त. सुटलो! आता खराखुरा व्यायाम करतो. मॅडमचं भलं, माझंही भलं.

८ जून, शनिवार
बैठका मारल्या. मोजायचं भान राहिलं नाही. शेवटी मुलीने पाणी आणून तोंडावर मारलं.

९ जून
जिना बसून उतरलो. बायको म्हणाली, इतके महिने जिमला जातोस, पाय आजच कसे दुखले? झोपेचं सोंग घेतलं.

१० जून
रक्त दिलं. मॅडमनी विचारलं, व्यायाम गेल्या वेळेइतकाच ना? म्हटलं, अगदी तेवढाच. उगाच शंका कशाला.

११ जून
एन्झाइमचा आकडा चाचणीच्या मापाबाहेर! मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात साहेब म्हणाले, तोच माणूस, तोच व्यायाम, एकदा काहीच नाही आणि एकदा पूर. असली बेभरवशाची अँटिबॉडी घेणार कोण? काम बंद. मॅडमना शुक्रवारपासून पॅकिंगला टाकलंय. त्या नुसता चष्मा पुसत राहिल्या.

मी नालायक आहे. उद्या सांगतो.

१२ जून
साहेब मीटिंगमध्ये.

१३ जून
साहेब मोकळे होते. मीच मीटिंगमध्ये होतो. म्हणजे बसू शकलो असतो एखाद्या.

१४ जून, शुक्रवार
मॅडमनी फ्रीज रिकामा केला. साहेबांच्या केबिनचं दार सताड उघडं. मी लंगडत उठलो, आज काय वाटेल ते होवो. तेवढ्यात मॅडमच माझ्या टेबलाशी आल्या. पर्समधून मलमाची ट्यूब काढून पुढे ठेवली. म्हणाल्या, माझ्यापायी तुमच्या पायांचे हाल झाले हो, माफ करा.

आता मात्र सांगायचंच. घसा खाकरला, तोंड उघडलं आणि विचारलं, दिवसातून किती वेळा लावायचं?