सुरगाठीचा मांडव

भवानी पेठ, सोलापूर
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस, १९७६

आबांच्या आन् आईच्या पायावर धुळाचं डोकं.

मी खुशाल हाय, दोन येळ पोटभर जेवतोय. शेरडांचे खूर बरे झाले का? आन् मास्तर, आबांना पत्र वाचून दाखवताना शिव्या गाळू नका, हाय तशा वाचा.

आबा, गणपतीला मंडळासाठी मी मांडव बनवला. दरसाल सोडायचा, पुढल्या साली तोच उभा करायचा. सगळ्या मांडवात एक खिळा न्हाय. मेंढरं कोंडायच्या वाघरीला तुमी मारता तीच सुरगाठ प्रत्येक जोडाला, एका हिसक्यात सुटणारी. लोकं बघून लई खूश झाली.

मग मंडळाचे सेक्रेटरी आले. म्हणाले, "ह्या गाठी बघूनच भ्या वाटतंय की." आन् त्या भाडखाऊनं झाडून सगळ्या जोडांवर खिळे मारून घेतले! आज सकाळी मांडव सोडाय गेलो, तर एकबी जोड सुटंना. करवतीनं बांबू कापले, पार चिरफाळ्या झाल्या. वर चारचौघांत मलाच म्हणतो, "मेंढक्याचा मांडव. एक साल टिकला न्हाय." माझं डोकं अजून तापलंय.

मास्तर, पुढचं आई घरात नसताना वाचा.

आबा, खिळे मारत हुते तवा मी तितंच हुतो. हातचं काम जाईल म्हणून तोंड उघडलं न्हाय. खिळ्यांचा पुडा मीच धरून उभा हुतो.

तुमचा
धुळा