लिंगाच्या डबीवरचा डाग

१० नोव्हेंबर, सोमवार

मेलो नाही, एवढंच!

देवगाव फाट्याच्या सुग्रीवचं वेल्डिंग मशीन उघडलं होतं. बोर्डाचं बटण सूनबाईनं, ऋतुजानं, बंद केलं. दिवा विझलेला मी स्वतः पाहिला. बंद केल्यावरही वीज धरून ठेवणाऱ्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर पेचकस आडवा टेकवला – ठिणगी नाही. ठिणगी नाही म्हणजे रिकामा. हा माझा कायदा, कुणी शिकवलेला नाही.

"मामा, मीटर लावून बघा की एकदा," ऋतुजा म्हणाली. डिप्लोमावाली!

"माझा पेचकसच मीटर हाय."

सुग्रीव खो खो हसला आणि बाजारात गेला. ती चहा ठेवायला आत.

मी वाकलो. सदऱ्यातून गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी लोंबली ती नेमकी टोकांवर – फाट्! डबीच्या कडेची चांदी ज्वारीच्या दाण्याएवढी वितळली. आतलं लिंग शाबूत. छातीवर चटका.

कुणाला सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर

सकाळी पूजेला डबी उघडताना बायकोनं, गंगम्मानं, पाहिलंच. "अवो, हे काय झालं? लिंगाच्या डबीला जाळ?"

कपाळावर विभूती, डाव्या तळहातावर लिंग – आणि मी म्हणालो, "ऋतुजानं बटण बंदच केलं नव्हतं."

ऋतुजा दारातच उभी होती. एक शब्द बोलली नाही.

१२ नोव्हेंबर

ऋतुजा दुकानात आली नाही. गंगम्मा म्हणते, "आता तिला त्या मशिनीजवळ बोलवू नका. उद्या कुणाचा तरी जीव जाईल."

मी 'बरं' म्हणालो. बरं!

१४ नोव्हेंबर

टोकं भिंगाखाली धरली. कंपनीचं पारदर्शक वार्निश! पेचकस वार्निशवर टेकला होता, धातूवर नव्हेच; डबीची कड मात्र ते खरवडून धातूला भिडली. मीटरच्या टोकदार सुया ते भेदून गेल्या असत्या.

मशीन चालू करून बंद केलं. मग ऋतुजाची रीत – शंभर वॅटचा बल्ब, होल्डरला दोन वायरी. वार्निश खरवडून, एक हात पाठीमागे ठेवून वायरी लावल्या. बल्ब पेटला, मंदावला, विझला. ना आवाज, ना ठिणगी. मीटर लावला, जवळजवळ शून्य. थोड्या वेळानं पाहतो तर आकडा पुन्हा चढलेला! परत बल्ब. हेही तिनं दिवाळीत सांगितलं होतं – थोडा परत भरतो म्हणून. मी म्हणालो होतो, मला शिकवायलीस का?

१५ नोव्हेंबर

सुग्रीव मशीन न्यायला आला. "अप्पा, तुमची डिप्लोमावाली कुठं हाय? बटण सुदिक बंद करता येईना म्हणं तिला!"

म्हणजे बातमी फाट्यापर्यंत गेली. मी हसलो. त्याच्याबरोबर हसलो मी!

१६ नोव्हेंबर

तिचं गप्प राहणं सहन होत नाही. खरं ठाऊक असून बोलत नाही. तिनं मला चारचौघांत खोटं पाडलं असतं तरी बरं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पूजेतच दोघींना खरं काय ते सांगितलं. गंगम्मानं तोंड फिरवलं.

ऋतुजा दारातून आत आली. "म्हणजे मामा, मी बंद केलं होतं?"

तिला ठाऊक नव्हतं! माझ्या शब्दावर तिनं स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडला होता.

"तुमी बारीकसारीकात कधी चुकत न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्याच हातून तुमचा जीव जात होता."