मूर्च्छेचं पान

सोलापूर, ता. ४ सप्टेंबर १९३४

ती. दुर्गाअक्कास एकनाथचे शि. सा. न. वि. वि.

सोबत माझी गोष्ट पाठवत आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या दोन गोष्टी साभार परत केल्या. ही तिसरीही परत आली, तर लेखणी ठेवून उरलेला जन्म मुलांची रूपं तपासण्यात घालवायचा, असं ठरवलं आहे. म्हणून आधी कोणी तरी खरं सांगावं एवढीच इच्छा. पण संस्कृतच्या मास्तराला खरं सांगणार कोण? ज्याचा त्याचा मुलगा माझ्या वर्गात.

शेजारच्या शिवपुत्र वकिलांना वाचून दाखवली. मध्येच त्यांचा डोळा लागला. गिरणीचा भोंगा झाला तसे जागे होऊन वा म्हणाले. आमच्या शास्त्रीबुवांनी तीन उत्प्रेक्षा निर्दोष ठरवल्या; गोष्टीत कोण मेलं हे विचारलं तर आठवेना. वाचनालयात वाचली, तिथे चिवड्याचं परीक्षण जास्त तपशीलवार झालं. आमच्या यशोदेने छान आहे म्हटलं, पण नव्या बादलीला म्हणाली होती त्याच सुरात.

गोष्ट एका आईची आहे. मुलगा तापाने परगावच्या इस्पितळात दगावतो, बातमी दारात येते आणि ती मूर्च्छित पडते. ते पान साधलं आहे असं मला वाटतं. लहानपणी पाठांतर चुकलं की तू कान पिळायचीस. तोच हात पुन्हा चालव. लोभ थोडा कमी झाला तरी चालेल, पण खरं लिही.

एकनाथ

बार्शी, ता. ११ सप्टेंबर

चि. एकनाथास अ. उ. आ.

गोष्ट पोचली. अक्षर फार सुरेख, अगदी अण्णांसारखं. कागदही चांगला आहे. यांचा गुडघा पुन्हा धरला आहे. यशोदेची शेंगाचटणी खमंग झाली होती, तिला सांग. गोष्ट छान आहे, अंकात येईलच. मूर्च्छेचं पान दोनदा वाचलं. तुझा खोकला कसा आहे? जपून राहा, मुलांवर फार ओरडू नकोस.

दुर्गा

सोलापूर, ता. १५ सप्टेंबर

ती. अक्कास शि. सा. न.

अक्षर सुरेख, कागद चांगला. पाकिटाबद्दल लिहायचं राहिलं. अक्का, शास्त्रीबुवांनी निदान उत्प्रेक्षा तरी मोजल्या. ते पान दोनदा वाचलंस, ते आवडलं म्हणून की अक्षर लागलं नाही म्हणून? मी चिडलो आहे आणि हक्काने चिडावं असं दुसरं माणूस मला नाही. खरं लिहायचं नसेल तर गोष्ट बंबात घाल, तेवढंच पाणी तापेल.

तुझा, अजून तरी, एकनाथ

बार्शी, ता. २० सप्टेंबर

चि. एकनाथास अ. उ. आ.

मागतोस म्हणून लिहिते. ते पान खोटं आहे.

आमचा नंदू पुण्याच्या इस्पितळात गेला, तेव्हा भावजी दारात उभे राहून सांगत होते. मी पडले नाही. मी म्हटलं, "चुलीवर दूध आहे, उतू जाईल." आत गेले आणि उतरवलं. फडकं घ्यायचं विसरले, हात भाजला, तेव्हा रडले. सगळ्यांना वाटलं नंदूसाठी रडते. त्याच्यासाठी रडू यायला वर्ष गेलं.

तुझ्या बाईच्या केसांतली जुईची वेणी दारात विखुरते. पोर तापलेलं असताना वेणी माळायला तिला सवड कुठली? मुलगा भोवरा पिठाच्या डब्यात लपवतो, ते मात्र खरं आहे. ते वाचून मी हसले. तो आमच्या नंदूचाच ना?

दुधाचं आजवर कोणाला बोलले नाही. कोणी विचारलं नाही. गोष्टीत घालायचं तर घाल. राग आला तर जेव आणि मग भांडायला ये.

दुर्गा

सोलापूर, ता. २५ सप्टेंबर

ती. अक्कास शि. सा. न.

तुझं पत्र यशोदेला वाचून दाखवत होतो. दुधापर्यंत आलो, पुढचं तिने वाचलं. छान आहे म्हणाली नाही. घडी करून देवाजवळ ठेवून आली.

भोवरा त्याचाच. मूर्च्छेचं पान फाडलं. त्या जागी दूध घालायला बसलो होतो, पण माझ्या त्या सुरेख अक्षराचीच लाज वाटली. यंदा गोष्ट येणार नाही, असं संपादकांना कळवलं आहे. परत पाठवण्याचे त्यांचे कष्ट वाचले.

शनिवारी कुर्डुवाडीला गाडी बदलून येतो. कागद आणत नाही. नंदूचं सगळं सांग.

लोभ थोडा कमी झाला तरी चालेल असं लिहिलं होतं, ते मागे घेतो.

एकनाथ