डावीकडे कलणारी होडी

३ ऑगस्ट

सरावात होडी पुन्हा डावीकडे! सुकाणू धरणारे काका मागून ओरडले, "तिसऱ्या बाकावर बाई बसलीय की पोतं?" बायका खिदळल्या. डावीकडे मी. उजवीकडे थोरली जाऊ. दोघींची उंची सारखी, वजन सारखं, म्हणून कितीतरी वर्षांची आमची जोडी. फेब्रुवारीत सासरे गेले तेव्हापासून बोलणं बंद. त्यांच्या आजारपणात ती एक दिवस फिरकली नाही — सगळं मी एकटीने निस्तरलं. तरी वल्ही मात्र दोघींची एकदमच पाण्यात पडतात. त्याचाही राग येतो!

५ ऑगस्ट

रात्रीचं जेवण बंद केलं. नवरा म्हणाला, "शर्यत होड्यांची आहे, उपासाची नाही."

७ ऑगस्ट

कशातच लक्ष नाही. दूध उतू गेलं. वस्ती सगळी शर्यतीच्या रंगात — होडीच्या नाकाला नवा रंग, पोरांचे ढोल. मला तो आवाज सोसेना.

९ ऑगस्ट

पँट कमरेत सैल झाली, होडी तशीच कलतेय! काका म्हणाले, रविवारच्या शर्यतीच्या आत तिसऱ्या बाकाचं काहीतरी करावं लागेल. या वेळी कोणी हसलं नाही.

मी हलकी होतेय तरी माझंच पारडं जड? मग दुसऱ्या पारड्यात चाललंय काय?

१० ऑगस्ट

आज चोरून तिच्याकडे पाहिलं. दंड केवढे बारीक! पँटची नाडी आवळून आवळून हातभर लोंबतेय. आणि मी आठवडाभर स्वतःचंच पोट चाचपत बसले.

होडी काठावर ओढल्यावर मागे थांबले. "ताई, काय झालंय?"

"उघडलंस बाई तोंड," म्हणाली. वल्हं पुसत राहिली. मग सांगितलं — पोटाचं ऑपरेशन. सासरे अंथरुणावर होते तेव्हाच. "तू आधीच एकाचं करत होतीस. त्यात माझं कुठे सांगू?" पुढच्या महिन्यात दुसरं ऑपरेशन. डॉक्टरांनी वल्हवायची परवानगी दिलीय. "एवढी एक शर्यत मारू दे गं. काकांना कळलं तर उतरवतील मला."



११ ऑगस्ट

काकांना सांगितलं — वजन माझंच वाढलंय, काही केल्या उतरत नाही. रविवारी ताईंच्या जोडीला कोणीतरी हलकी बसवा.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग हात पुढे केला. मी माझं वल्हं देऊन टाकलं.