एका माठाचे सगळे कारागीर

भिवंडी,
मंगळवार

प्रिय ललिताआत्या,

तुला आणि आतोबांना जय भीम. गुडघा कसा आहे? दिघाशीला गेल्यापासून दुखत नाही असं तू सांगतेस, आतोबा नेमकं उलटं सांगतात. मी आतोबांवर विश्वास ठेवते. इकडे सगळे मजेत. फोन सोडून पत्र लिहितेय कारण फोनवर बोलायला लागले की बाबा मागून सल्ले देतात, आणि आता माझ्या अंगात एकही सल्ला मावत नाही.

तर झालं असं. कॉलेजात यंदा स्थानिक कारागिरीचा प्रोजेक्ट आहे. माझ्या वर्गातल्या मेघालीने विणकाम घेतलं (भिवंडीत विणकाम म्हणजे घरबसल्या मार्क), आणि मला कुठून अवदसा आठवली, मी मातीकाम घेतलं. अट एकच: येत्या रविवारी प्रदर्शनात आपल्या हाताने केलेला माठ पाणी भरून मांडायचा, नाहीतर प्रोजेक्ट नापास. शेलार गावचे लडकूकाका कुंभार शिकवायला तयार झाले. माणूस फार प्रेमळ, पण सकाळी सांगणार माती घट्ट हवी, संध्याकाळी सांगणार सैल हवी, आणि दोन्ही वेळा म्हणणार की मी कालपास्नं ह्येच सांगतोय. मी दोन्ही वेळा हो म्हणायची. हो म्हणताना मान हलते, मान हलली की हात हलतो, आणि चाकावरच्या माठाचं तोंड शेलारहून वळून राहनाळकडे बघायला लागतं.

तरी एक माठ उभा राहिला. सुकवायला घरी आणला आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. बाबा राहनाळच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहेत हे तुला ठाऊकच आहे. लेकीचा माठ उघडा बघून त्यांना राहवेना. मी कॉलेजात असताना त्यांनी तो बबलरॅपमध्ये गुंडाळला, वरून प्लास्टिक ताणून बसवलं आणि 'ही बाजू वर' असं स्टिकरही चिकटवलं. (बाजू बरोबर होती, हे त्यांनी मला नंतर तीनदा सांगितलं.) माठ आतल्या आत घामाघूम. वरवर कोरडा दिसला म्हणून भट्टीत ठेवला, तर असा फुटला की शेजारी भाजायला ठेवलेल्या लडकूकाकांच्या दोन मातीच्या चुलीही घेऊन गेला. मी रडायच्या बेतात होते, पण काकांची बायको ठमाबाई पदरात तोंड घालून हसायला लागली, मग मीही हसले. बाबा मात्र अजून म्हणतात, पॅकिंगमध्ये दोष नव्हता.

दुसऱ्या माठाला आमच्या खालचे रामनाथचाचा धावून आले. लूमवर आयुष्य गेलेला माणूस, शिफ्ट संपवून थेट पिशवीभर कापसाची रुई घेऊन वर. म्हणाले, "बेटी, धागे के बिना दुनिया में कुछ नहीं टिकता." मी तीही मातीत मळली. लडकूकाकांनी चिमूटभर उचलून पाहिली आणि विचारलं, "पोरी, माठ हाय का गादी?" ठमाबाई म्हणाली, झोपलेलं पोर थोपटतात तसं थोपट. थोपटला. बाबांना म्हटलं, तुम्ही फक्त लांबून बघा. त्यांनी गॅलरीत खुर्ची टाकून चार दिवस लांबून बघितलं.

आणि आत्या, माठ झाला! तोंड थोडं तिरकं आहे, एका अंगाला पोट जास्त आहे, पण भट्टीतून अख्खा निघाला. टिचकी मारली तर खणखणीत वाजतो. मी शेलारच्या रस्त्यावर चक्क नाचले. तेव्हापासून रामनाथचाचा नाक्यावर सांगतात की तो रुईने टिकला, लडकूकाका म्हणतात भट्टी माझी, ठमाबाई म्हणते थोपटणं माझं, आणि बाबा म्हणतात राखण कुणी केली? सगळे खूश आहेत. मीही खूश आहे.

तुझी लाडकी,
संघरत्ना

ता. क. रविवारी प्रदर्शनाला नक्की ये. गुडघ्यासाठी बाबा रिक्षा पाठवतील.

ता. क. २. आलीस की माठासमोर उभी राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचार, "हा कुणी केला गं?" आणि माझ्याकडेच बघ. मला एकदा मोठ्याने 'मी' म्हणायचंय. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. ३. पण सकाळीच ये. पाणी दुपारपर्यंतच टिकतं.