अकरा घरांची चित्रं

सिल्वासा,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

प्रिय रोहिणी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंच असशील. फोन तीनदा केला. मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे तू वाचलास, एवढंच कळलं. मग पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "खडोली? अहो मॅडम, इथून हाक मारलीत तरी ऐकू जाईल." नऊ वर्षांत मला तेवढीही मारता आली नाही, हे त्याला काय सांगणार!

गुडघा कसा आहे? तू मुख्याध्यापिका झालीस हे आमच्या बी.एड.च्या मुलींनी सांगितलं. सराव पाठासाठी त्या तुझ्या शाळेत आल्या होत्या. "मॅडम कडक आहेत, पण मधल्या सुट्टीत कळण्याची भाकरी खायला लावतात." ऐकून बरं वाटलं.

आमच्याकडे ठीक. केदारची बदली होता होता राहिली. आई अलिबागहून आमच्याकडे राहायला आली आहे. "इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही गो," हे तिचं रोजचं पालुपद. मी दोन कुकर बदलले, पाणी कुठलं बदलू?

मला मात्र हल्ली एका जागी बसवत नाही. शिकवताना खिडकीपर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते. मुली हसतात. घरी कागद लावायला घेते आणि अर्धे जमिनीवर टाकून उठते.

या पत्राचं निमित्तही कागदच आहेत. प्राध्यापकपदासाठी अर्ज केला आहे. सतरा वर्षांचं सगळं संशोधन एका यादीत मांडायचं होतं. मुलांचं मन आणि शाळा, दुसरा विषय मला कधी सुचलाच नाही. चौदा निबंध झाले. त्यातला चौथा आपला, म्हणजे माझा, खडोलीचा. कारखान्यांत कामाला आलेल्यांची मुलं वर्गात गप्प का असतात आणि दहा आठवड्यांच्या खेळगटाने ती बोलू लागतात का, तो. सगळ्यात जास्त नाव त्यानेच मिळवून दिलं.

समितीतल्या एकांना त्याबद्दल शाळेचं प्रमाणपत्र हवं आहे. नोव्हेंबर २०१५ची पहिली फेरी आणि मार्च २०१६ची दुसरी फेरी, दोन्ही चौतीसच्या चौतीस मुलांसह शाळेत पार पडल्या, एवढंच. मजकूर टाइप करून सोबत ठेवला आहे. तू फक्त सही कर आणि शिक्का मार. महिनाअखेर मुदत आहे.

जुनं काही मनात ठेवू नकोस. मीही ठेवलेलं नाही.

तुझ्या सहीची वाट बघणारी,
कुसुम


सिल्वासा,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

प्रिय रोहिणी,

संक्रांत झाली. गच्चीवर अजून पतंगांचे दोरे लोंबताहेत. तिळगुळाची पुडी पाठवली होती, मिळाली का? तिळगूळ घेतल्यावर गोड बोलावं लागतं, निदान बोलावं तरी लागतं.

तुझं उत्तर नाही. टपाल यायच्या वेळी मी तीनदा खाली जाऊन येते. आई म्हणते, "एवढी कसली चिठी येवची आहे गो तुझी?"

मागच्या पत्रात लिहिलं की माझ्या मनात काही नाही. ते खरं नव्हतं. तू निबंधावरून स्वतःचं नाव काढून घेतलंस, त्याचा मला राग होता. मी स्टाफरूममध्ये सांगत सुटले की रोहिणीला इंग्रजी मसुदा झेपला नाही म्हणून ती मागे हटली. तुझ्या कानावर आलंच असेल. ते मी बोलायला नको होतं.

आणखी एक राग होता. तोही सांगून टाकते. पहिल्या फेरीत आपण प्रत्येक मुलाला "तुझं घर काढ" म्हणालो होतो. तेवीस नंबरच्या मुलीने जमिनीवर आडवी माणसं काढली, ओळीने पाच, डोळे नसलेली. कोपऱ्यात एक लहान मुलगी, तोंडावर हात. मी तुला गंभीरपणे सांगत होते की या घरात कुणीतरी गेलंय, मुलगी भेदरली आहे. तू चहा सांडेपर्यंत हसलीस. "अगं आजी, मेले नाहीत ते! नाईटवाले आहेत, दिवसा झोपलेत." माझं नाव आजीचं म्हणून तू मला आजी म्हणायचीस, ते एरवी आवडायचं. त्या दिवशी नाही आवडलं. मी पुण्याहून पीएच.डी. घेऊन आले होते ना. निबंधात मी माझाच अर्थ ठेवला.

पण रोहिणी, एका चित्राने काय होतं? बाकीचं काम खरं होतं. अकरा मुलं दुसऱ्या फेरीला नव्हती हे तुला माहीत आहे, मलाही. ठेकेदार बदलला, घरं रिकामी झाली, माणसं आपापल्या गावी गेली. त्याला मी काय करणार? तिकडे साक्री-नंदुरबारला ती शाळेत गेलीच असतील.

सही करायची नसेल तर तसं कळव. नुसती गप्प राहू नकोस. तुझं गप्प राहणं मला सहन होत नाही.

कुसुम


सिल्वासा,
सोमवार, २७ जानेवारी २०२५

रोहिणी,

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. माझंच प्रमाणपत्र, सही नाही, शिक्का नाही. मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात अकरा नावं. खाली एक ओळसुद्धा नाही.

आधी संताप आला. मग लक्षात आलं की यातलं एकही नाव मला आठवत नव्हतं. माझ्याकडे नंबर होते. तू नावं पाठ ठेवलीस.

शनिवारी तुझ्याशी भांडायला म्हणून खडोलीला आले. शाळेत कळलं की तू प्रशिक्षणाला गेली आहेस. परत फिरले आणि कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर थांबले. शिफ्ट सुटली होती. निळा ॲप्रन घातलेली एक मुलगी घोळक्यातून सरळ माझ्याकडे आली.

"तुम्ही चित्रवाल्या मॅडम ना?"

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"केसात पेन अजून तसाच खोचता. मी ममता. पाचवीत होती. गप बसायची ती."

"आता गप्प बसत नाहीस का?" मी उगाच काहीतरी विचारलं.

"आता सुपरवायझर गप बसवतो, तरी नाही बसत!" मैत्रिणी खिदळल्या. मग ती म्हणाली, "मॅडम, माझं घर परत देणार होता तुम्ही. गुरुवारी येते म्हणालात."

प्रत्येक मुलाला मी शब्द दिला होता, दुसऱ्या फेरीला चित्र परत देईन. मी म्हटलं, "पण तुम्ही तर गावाला गेला होतात ना?"

"गावाला? नाही ओ. इथेच जवळ, अथालला खोली घेतली. रोहिणी मॅडमनी निरोप धाडला होता, म्हणून गुरुवारी बाबांनी सायकलवर आणलं मला. नाईट करून आले होते तरी. बारापर्यंत पायरीवर बसलो. तुम्ही आल्याच नाहीत."

तू हे बघितलं होतंस. ममताचा बाप, चिंधा नावाचा तो माणूस, रात्रपाळी करून पायरीवर बसल्या बसल्या पेंगतोय आणि त्याची मुलगी फाटकाकडे बघते आहे, हे तू पाहिलंस. मला काही बोलली नाहीस. संध्याकाळी फक्त म्हणालीस, "माझं नाव काढ."

आता मी लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. तू म्हणाली होतीस, "गुरुवारपर्यंत थांब, मी निरोप धाडते, जी सापडणार नाहीत ती गळाली म्हणून लिही." गुरुवारी येते म्हणाले, पण थांबले नाही. बुधवारी दुपारी रिकाम्या स्टाफरूममध्ये बसून अकरा मुलांचे दुसऱ्या फेरीचे फॉर्म मी स्वतः भरले. खरे वाटावेत म्हणून कुणाला थोडी कमी सुधारणा दिली, कुणाला जास्त. दोन पेनं वापरली. तेवीस नंबरला, म्हणजे ममताला, वीसपैकी चारवरून सतरा दिले. शेरा लिहिला, "वर्गात मोकळेपणी बोलते."

त्याहून वाईट पुढेच झालं. तू अधिकाऱ्यांकडे खेपा घालत होतीस, या मुलांना शोधा, जवळच्या शाळेत नाव घाला म्हणून. त्यांनी माझा अहवाल उघडून दाखवला. चौतीस मुलं हजर, चौतीस सुधारली. मग शोधायचं कुणाला? ममता पाचवीनंतर शाळेत गेली नाही. माझ्या निबंधात ती मात्र बोलतेच आहे, नऊ वर्षं.

काल तिचं चित्र घेऊन अथालला गेले. एकच खोली. आक्काबाईंनी, तिच्या आईने, दारातच ओठांवर बोट ठेवलं. कोपऱ्यात चिंधा झोपला होता, तोंडावर टॉवेल घेऊन. अजून रात्रपाळीच आहे. "ये वं माय, बस," त्या कुजबुजल्या, "च्या लेशी का?" मी कुजबुजतच हो म्हटलं. भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी पातेल्याखाली फडकं धरलं.

ममताने चित्र मांडीवर पसरलं. "हे बाबा. हे काका. हे तिघं आमच्या गावचे." मग कोपऱ्यातल्या त्या मुलीवर बोट ठेवून म्हणाली, "ही मी. लहान्यांना गप करतेय."

तोंडावरचा हात म्हणजे भीती, असं मी छापलं आहे. ते ओठांवरचं बोट होतं. दहा वर्षांची पोर पाच माणसांची झोप राखत बसायची, आणि तीच सवय घेऊन वर्गात यायची.

मी तिला सगळं सांगितलं. कुजबुजत. माफी मागितली. तिने विचारलं, "किती मार्क दिले होते मला?"

"वीसपैकी सतरा."

"बरे दिले की!" असं म्हणून ती हसली, आणि बाप उठेल म्हणून पटकन तोंडावर हात ठेवला.

त्या हसण्याचा दिलासा मला रात्रभरही पुरला नाही, रोहिणी. आज सकाळी मासिकाला लिहिलं की चौथा निबंध मागे घ्या, आणि का ते लिहिलं. त्याचीच प्रत समितीला दिली. केदार म्हणाला, "नऊ वर्षांनी कोण विचारत होतं?" मी म्हटलं, "एकीने विचारलं." तो पोस्टापर्यंत सोबत आला. प्राध्यापकपद जाईल, बहुधा त्याहून जास्त जाईल. बाकी तेरा निबंधांकडेही लोक आता त्याच नजरेने बघतील. बघू देत. मी स्वतःच कालपासून ते सगळे पुन्हा काढून बसले आहे.

ममताला दहावी बाहेरून द्यायची आहे. सुट्टीच्या दिवशी शिकवायला मी जाईन, असं मी तिला म्हटलं. वार सांगितला नाही. माझ्या तोंडून आलेल्या वाराचा तिने का भरवसा धरावा?

दहा चित्रं उरली आहेत. नावं तुझ्यामुळे कळली, घरं मला माहीत नाहीत. तुला माहीत असतील, किंवा कुणाला विचारायचं ते तरी. येत्या रविवारी सकाळी दहाला मी अथालच्या बस थांब्यावर असेन. तू आली नाहीस तरी बारापर्यंत बसेन. कुणीतरी माझ्यासाठी तेवढं बसलं होतं.

ते प्रमाणपत्र मी फाडलेलं नाही. मागच्या बाजूसाठी ठेवलं आहे.

तुझी वाट बघणारी,
कुसुम